रूपकुंडातले आप्त

२००४ सालच्या दिवाळीच्या सुमाराची गोष्ट. नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात वर्तमानपत्रे चाळीत बसलो असता एका बातमीवर नजर खिळली. हिमालयातल्या रूपकुंड नावाच्या तळ्याकाठी सापडलेल्या हाडांपैकी काहींची आनुवंशिक खूण म्हणे कोकणस्थांशी जुळत होती! मी स्वतः कोकणस्थ. घरी येईपर्यंत त्या अनोळखी मृतांशी माझे भाऊबंदकीचे नातेही जडून गेले. शेजारचे काका तर एवढे हेलावले, की पुढल्या पितृपक्षापासून त्यांच्यासाठीही पाणी सोडू लागले.

हे तळे म्हणजे गढवालात, त्रिशूळ शिखराच्या कुशीतली बर्फाची एक लहानशी वाटी. उंची सुमारे साडेसोळा हजार फूट, खोली जेमतेम दोन-तीन मीटर. वाण गावावरची ओक-देवदारांची राने मागे पडतात, मग बेदिनीची कुरणे, आणि त्याही वर हे पाणी. वर्षातला बहुतेक काळ ते गोठलेले असते. बर्फ वितळले की काठावर कवट्या उघड्या पडतात. १९४२ साली वनखात्याच्या एका रेंजरने त्या पाहिल्या. दिवस महायुद्धाचे, तेव्हा पहिला तर्क जपानी सैनिकांचा. मग १८४१ मधल्या जोरावरसिंगाच्या तिबेटस्वारीतले शिपाई झाले. गढवाली लोककथा मात्र सांगे, की नंदादेवीच्या यात्रेत नाचगाणे घेऊन आलेल्या कनौजच्या जसधवल राजाला देवीने लोखंडी गारांनी झोडपले. गंमत अशी, की पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या विद्वानांना काही कवट्यांवर वरून बसलेल्या गोल आघातांच्याच खुणा आढळल्या, शस्त्राच्या नव्हेत. दंतकथेला इतका सज्जड पुरावा क्वचितच मिळतो.

पण आमच्या नात्याचे काय? २०१९ च्या ऑगस्टमध्ये हैदराबाद, लखनौ आणि परदेशातल्या संशोधकांचा निबंध प्रसिद्ध झाला. अडतीस जणांच्या हाडांची तपासणी. तेवीस भारतीय वंशाचे, पण एका घराण्याचे नव्हेत की एका प्रांताचे नव्हेत. सातव्या ते दहाव्या शतकांत, तेही एकाच वेळी न मेलेले. एक आग्नेय आशियातला. उरलेले चौदा भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचे, ग्रीस-क्रीटच्या लोकांना जवळचे, आणि भारतीयांनंतर सुमारे हजार वर्षांनी मेलेले! ते तिथे कशासाठी गेले, याचा उलगडा अजून कोणालाच झालेला नाही.

मला, खरे सांगायचे तर, चुटपुट लागली. पंधरा वर्षे जपलेले गोत्र एका निबंधाने पुसले होते. भीतभीतच काकांना सांगितले.

“चौदाच ना?” काका हसले. “परशुरामानं समुद्रावर वाहून आलेली चौदाच प्रेतं उठवली होती. घे, जुळलं!”

त्यांची ही थट्टा होती की समजूत, मला अजून ठरवता आलेले नाही. त्या सर्वपित्रीला मी त्यांच्याकडेच होतो. तीळ हातात घेऊन ते क्षणभर थांबले.

“ग्रीस कुठल्या अंगाला येतो रे?”

“पश्चिमेला.”

“राहू दे. दक्षिणच बरी,” म्हणाले, आणि त्यांनी ओंजळ सोडली.