निर्लेखित वस्तू जातात कुठे?

जबलपुरात राहणाऱ्याच्या कानावर राणीताल, चेरीताल आणि आधारताल ही तीन नावे रोज पडतात. लोकपरंपरा सांगते की पहिला तलाव गढा-मंडल्याच्या राणी दुर्गावतीने, दुसरा तिच्या दासीने आणि तिसरा तिचा दिवाण आधारसिंह याने बांधविला. राणी १५६४ मध्ये मोगलांशी लढताना धारातीर्थी पडली. पुढे शतके लोटली, आणि ज्या राणीतालाला तिचे नाव आहे त्याच्याच परिसरात विसाव्या शतकात शहराचा कचरा वर्षानुवर्षे साचत गेला. तो उपसून जागा मोकळी करण्याचे काम अलीकडे, जबलपूर २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेत निवडले गेल्यानंतरचे. राजे तलाव बांधतात आणि प्रजा ते भरून टाकते, असे म्हणून मोकळे होता येईल. परंतु प्रशासनात आयुष्य घालविलेल्या माणसाला एवढ्यावर थांबता येत नाही.

या विचाराला निमित्त झाले ते आमच्या घराचे. जबलपूरचा मुक्काम संपत आला होता आणि सामानाची बांधाबांध चालली होती. न्हाणीघराच्या फळीवरून अर्धवट वापरलेल्या वस्तू निघाल्या: संडास धुण्याचे ॲसिड, काळे फिनाईल, ओलसर झालेली ब्लीचिंग पावडर, तुंबलेली मोरी मोकळी करण्याचा क्षार आणि झुरळांवर मारण्याच्या औषधाचा डबा. कामाला येणाऱ्या बाईंनी सहज विचारले, "साहब, ये सब एक साथ नाले में डाल दूँ?" मी जवळजवळ ओरडूनच "नको" म्हणालो. त्या दचकल्या. एवढा दचकण्याजोगा आवाज माझ्या तोंडून का निघाला, हे सांगण्यासाठी तीसएक वर्षे मागे जावे लागेल.

नोकरीच्या उमेदवारीच्या काळात मी एका लहान तालुक्याच्या गावी होतो. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. चूक माझी होती. आदल्या वर्षी पूर येऊन गेला होता आणि त्या वेळी आलेल्या ब्लीचिंग पावडरीची पोती भांडारात पडून होती. शेजारी संडास धुण्यासाठी आणलेल्या ॲसिडचे कॅन होते. भांडारपालाने रीतसर टिपणी सादर केली. जडवस्तू नोंदवहीचे पान क्रमांक, खरेदीची किंमत, मुदतबाह्य झाल्याचा दाखला, सारे काही त्यात होते. मी शेरा मारला: "निर्लेखन मंजूर. योग्य विल्हेवाट लावावी." त्या "योग्य" शब्दाचा अर्थ मला ठाऊक नव्हता आणि कोणी विचारलाही नाही. आवाराच्या मागे एक खड्डा खणला गेला. त्यात आधी पोती रिकामी केली, मग त्यावर ॲसिड ओतले. हिरवट-पिवळा वायू उठला. दोन मजूर छातीला हात लावून खोकत बाहेर पडले. त्यांना इस्पितळात न्यावे लागले. सुदैवाने दोघेही वाचले. पुढच्या पावसात त्या खड्ड्याचे पाणी खालच्या डबक्यात उतरले आणि मासे पांढऱ्या पोटाने वर आले. फाईल मात्र निर्दोष होती. लेखापरीक्षणात तिच्यावर एकही आक्षेप निघाला नाही.

ब्लीचिंग पावडर ही विझविलेल्या चुन्यावर क्लोरीन सोडून तयार होते. स्कॉटलंडच्या चार्ल्स टेनंट यांनी १७९९ मध्ये तिचे एकस्व घेतले. तिच्यावर आम्ल पडले की तिच्यात बांधून ठेवलेला क्लोरीन पुन्हा सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने जो वायू शत्रूच्या खंदकांवर सोडला, तोच हा. जे साधण्यासाठी तेथे युद्ध पुकारावे लागले, ते आपल्या न्हाणीघरात दोन बाटल्यांत साधते.

या वस्तू आपल्या घरात आल्या कशा, हा इतिहासही पाहण्याजोगा आहे. आपल्या आज्यांच्या घरात भांड्याला राख, तांब्या-पितळेला चिंच, कपड्याला रिठा, जमिनीला शेण आणि भिंतीला चुना होता. यांतले उरलेसुरले परसात फेकले तरी आळूची पाने त्यावर पोसत. जबलपूर जिल्ह्याला तर चुना घरचाच. कटनी १९९८ पर्यंत याच जिल्ह्यात होती आणि कटनीच्या चुन्याला दूरदूर मागणी असे.

बदल आला तो साथींच्या पाठीवर बसून. लिस्टर यांनी १८६५ पासून शस्त्रक्रियेत कार्बोलिक आम्ल वापरले. आग्र्याच्या सरकारी प्रयोगशाळेतील अर्नेस्ट हँकिन यांनी १८९० च्या दशकात पटकीविरुद्ध विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा प्रघात पाडला. ती "लाल दवा" उत्तरेत घरोघर माहीत झाली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि घरे, गटारे, सामान यांवर कार्बोलिक आम्ल व पाऱ्याचे द्रावण शिंपडले गेले. पुण्यात १८९७ मध्ये या बंदोबस्ताची परिणती कशात झाली, हे मराठी वाचकास सांगावयास नको. ज्या उग्र वासाला लोक तेव्हा सरकारी जुलमाचा वास म्हणून भीत होते, तोच पुढे स्वच्छतेचा वास ठरला. इस्पितळातून तो कचेरीत आला आणि कचेरीतून घरात.

जबलपूरच्या नगरव्यवस्थेची कथा याच काळातली. १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. इंग्रजी अमलात येथे १८६४ मध्ये नगरपालिका स्थापन झाली आणि १८८३ मध्ये खंदारीच्या जलाशयाचे पाणी शहराला मिळू लागले. सांडपाण्याचे झिलईदार नळ तर येथील मातीचेच. बर्न कंपनीच्या जबलपूरच्या कारखान्यात ते घडत. महानगरपालिकेचा १९४८ चा कायदाही नागपूरच्या विधिमंडळात झाला, कारण १९५६ पर्यंत या प्रांताची राजधानी नागपूर होती. या साऱ्या व्यवस्थेचा पाया एकच होता: पाणी आणावे आणि घाण वाहून न्यावी. घाण म्हणजे कुजणारी वस्तू, ही समजूत त्यात गृहीत होती. न कुजणारी, उलट कुजविणाऱ्या जंतूंनाच मारणारी वस्तू घरोघरच्या मोरीतून येईल, याची कल्पना त्या अभियंत्यांना असण्याचे कारण नव्हते.

परिणाम आज दिसतात. आपल्या बहुतेक शहरांप्रमाणे जबलपुरातही असंख्य घरांची भिस्त मैल्याच्या टाकीवर आहे. ती टाकी जिवाणूंच्या जोरावर चालते. तिच्यात फिनाईल व ॲसिडची बाटलीच्या बाटली ओतली की जिवाणू मरतात, टाकी लवकर भरते, आणि ती उपसण्यासाठी माणूस बोलवावा लागतो. २०१३ च्या कायद्याने माणसाला असुरक्षितपणे गटारात वा टाकीत उतरविण्यास मनाई केली. तरी तशा मृत्यूंच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. उघड्या नाल्यात ओतलेले तर आणखी दूर जाते. शहराच्या पोटातून वाहणारा ओमती नाला परियट नदीला, परियट हिरनला आणि हिरन नर्मदेला मिळते. ज्या नर्मदेची ग्वारीघाटावर आपण सायंकाळी आरती करतो, तिच्यात आपली मोरीही उतरते.

कायद्याने या विषयाकडे उशिरा पाहिले. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि १९८९ चे घातक कचऱ्याचे नियम आले, पण त्यांची नजर कारखान्यावर होती. "घरगुती घातक कचरा" ही व्याख्या घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत आली. रंगाचे डबे, कीटकनाशकांचे कॅन, दिवे, मुदतबाह्य औषधे, तापमापके, विजेऱ्या, सुया अशी तिची यादी होती. ॲसिडच्या बाटलीचे नाव तीत नव्हते. तिला "इत्यादी" या शब्दात जागा शोधावी लागे. दर वीस चौरस किलोमीटरला असा कचरा स्वीकारणारे एक केंद्र असावे, असेही ते नियम सांगत. जानेवारी २०२६ मध्ये अधिसूचित झालेल्या नव्या नियमांनी १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरवून ओला, सुका, स्वच्छताविषयक आणि विशेष काळजीचा असे चार वर्ग केले. मधल्या काळात, २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी यांच्या याचिकेवर ॲसिडच्या विक्रीसाठी नोंदवही व ओळखपत्र बंधनकारक केले. म्हणजे ॲसिड घेणाऱ्याचे नाव लिहिले जाते. उरलेले ॲसिड गेले कुठे, हे कोणत्याही वहीत लिहिले जात नाही. माझ्या तरुणपणच्या त्या फाईलीतही नेमका हाच रकाना नव्हता.

परदेशातील वाचकांपैकी अनेकांच्या गावी अशा वस्तू स्वीकारण्याचे ठरलेले दिवस असतात. त्यांनी त्यांचा लाभ घ्यावा. आपल्याकडे केंद्र जवळ असो वा नसो, काही गोष्टी प्रत्येकाच्या हाती आहेत. लागेल तेवढेच आणावे. दोन वस्तू कधीही एकत्र करू नयेत. मूळ बाटली व तिचे लेबल सोडू नये. पाण्याच्या वा सरबताच्या बाटलीत ॲसिड भरून ठेवण्याइतका घातक काटकसरीपणा दुसरा नाही. आणि शक्य तेथे ती वस्तू ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरून संपवावी, कारण थोडे थोडे, भरपूर पाण्यासह, नेमल्या जागी वापरणे हीच तिची सर्वात सुरक्षित विल्हेवाट असते.

आम्ही तेच केले. फिनाईल चौकीदाराने जिना पुसण्यासाठी आनंदाने नेले. ॲसिड आमच्याच संडासाला, खिडक्या उघड्या ठेवून, आठवडाभरात संपले. त्यानंतर चार दिवसांनी ब्लीचिंग पावडर मागच्या ओट्याला लागली. उरले मोरीच्या क्षाराचे पाकीट आणि झुरळांच्या औषधाचा डबा. ते झाकण घट्ट करून वेगळ्या खोक्यात ठेवले, वर "घातक, वेगळे ठेवा" असे हिंदीत लिहिले आणि कचऱ्याच्या गाडीवरील माणसाच्या हाती स्वतः दिले. त्याने खोके वाचले आणि गाडीच्या बाजूच्या कप्प्यात निराळे ठेवले.

बाईंनी नंतर विचारले, एवढ्याशा बाटल्यांसाठी एवढी खटपट कशाला? मी त्यांना त्या दोन मजुरांची गोष्ट सांगितली. इतकी वर्षे ती मी कोणत्याही टिपणीत लिहिलेली नव्हती.