लाल दिवा चालू होता

तुर्भ्याच्या बाजाराजवळच्या एका मशिदीत गेल्या रमजानमध्ये एका पहाटे दहा-बारा जणांचा रोजा हुकला. एतेकाफला बसलेले दोघे-तिघे, बाकी मार्केटमध्ये माल घेऊन आलेले ट्रकवाले आणि त्यांचे क्लीनर. सहेरी करताना जो तो एकदा मान वर करून भिंतीवरच्या पडद्याकडे बघे. पडद्यावर पाच वाजून 9 मिनिटे. अजून वेळ आहे म्हणून चहाचा दुसरा कप झाला, खजूर झाले. मग एका ड्रायव्हरच्या मोबाइलमधून अजान ऐकू आली. पडद्यावर तरीही पाच-नऊच! मुअज्जिनचाचांनी पडद्याखालच्या तळहाताएवढ्या संगणकाकडे बोट दाखवले, “बंद कुठे आहे? लाल दिवा चालू आहे की.”

दिवा खरेच चालू होता. संगणक मात्र केव्हाच गोठला होता. हनफी असो की शाफई, दोन्हीकडे उत्तर एकच: पहाट झालेली नाही अशा समजुतीने खाल्ले तरी त्या रोजाची कजा आहे. दोष एका जुनाट चार्जरचा निघाला. पण त्या दिव्याने जी साक्ष दिली, ती माझ्या डोक्यातून जात नाही.

पूर्वी शेजारच्या मशिदीची अजान कानावर आली असती आणि चूक तिथल्या तिथे कळली असती. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद असतात, आणि अलीकडे महाराष्ट्रात त्यांची अंमलबजावणीही कडक झाली आहे. तो वाद इथे नको. कानाचे काम आता डोळ्यांवर येऊन पडले आहे, एवढेच म्हणायचे आहे.

तेही नवे नाही. अंदलुसियाचा प्रवासी इब्न जुबैर 1183 साली ग्रॅनडाहून निघाला आणि हिजरी 579 चा रमजान त्याने मक्केत काढला. हरमच्या मिनारावर सहेरीची हाक कशी दिली जाई, याचे त्याने बारकाईने वर्णन केले आहे. मिनाराच्या माथ्यावर एक लांब लाकूड, त्याला आडवा दांडा, दांड्याच्या दोन्ही टोकांना छोट्या कप्प्या आणि त्यांवरून वर चढवलेले काचेचे दोन मोठे कंदील. सहेरीची वेळ असेपर्यंत ते जळत राहत. फजर जवळ आली की मुअज्जिन ते खाली उतरवी आणि अजान सुरू करी. ज्यांची घरे लांब, ज्यांना हाक ऐकू येत नसे, ते गच्चीवरून बघत. कंदील दिसले तर खा, दिसले नाहीत तर वेळ संपली.

या व्यवस्थेत एक मोठी हुशारी आहे. वाऱ्याने कंदील विझले, तेल संपले, मुअज्जिनला भोवळ आली, काहीही बिघडले तरी अंधारच होणार. आणि अंधाराचा अर्थ ‘थांबा’. लोकांचे दोन घास कमी झाले असते, रोजा गेला नसता. तुर्भे स्टेशनवरून 2004 पासून धावणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलचा मोटरमनही याच नियमाने चालतो: जिथे सिग्नल असायला हवा तिथे दिवाच दिसत नसेल, तर तो धोक्याचाच समजायचा.

संगणकाने हा धडा उशिरा गिरवला. 1964 मध्ये आलेल्या आयबीएमच्या सिस्टम 360 सारख्या यंत्रांच्या दर्शनी भागावर बल्बांच्या रांगा असत, आणि ते बल्ब यंत्राच्या आत काय चालले आहे तेच दाखवत. दिव्यांची नक्षी एकाच जागी अडकलेली दिसली की जाणकार ऑपरेटर ओळखे, काहीतरी अडले आहे. त्याच दशकात, 1962 साली, निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी बनवला. पुढे तो इतका स्वस्त झाला की प्रत्येक डब्यावर एक बसला, आणि बहुतेक ठिकाणी थेट विजेच्या तारेला जोडला गेला. असा दिवा फक्त वीज आल्याचे सांगतो. आत कोणी जिवंत आहे की नाही, याचा त्याला पत्ता नसतो. आपल्या मशिदीतला दिवा याच घराण्यातला.

लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, दिवे हाताळण्याची हौस जुनी. अमिगा संगणकासाठीच्या आवृत्तीत पॉवरचाच दिवा धडधडता ठेवायची सोय होती. पण असली सोय त्या त्या यंत्रापुरती वेगळी लिहिलेली असे. 2006 मध्ये शार्प कंपनीच्या झॉरस या हातात मावणाऱ्या संगणकावर काम करणारे रिचर्ड पर्डी यांनी 2.6.17 या आवृत्तीत सगळ्या दिव्यांसाठी एकच व्यवस्था आणली. त्यांनी दिवा आणि त्याच्या पेटण्याचे कारण यांची ताटातूट केली. दिवा कुठलाही असो. कर्नेलमधली कुठली घटना त्याला पेटवणार ते तुम्ही एका छोट्या फाइलीत एक शब्द लिहून ठरवायचे. डिस्क वाचली गेली की लुकलुक, बॅटरी चार्ज होतेय तोवर प्रकाश. पुढे नेटवर्क आणि प्रोसेसरही यादीत आले. या कारणांना ‘ट्रिगर’ म्हणतात.

त्यातला माझा आवडता ट्रिगर ‘हार्टबीट’, अत्सुशी नेमोतो यांनी 2006 मध्येच लिहिलेला. दोन ठोके, मग विसावा. यंत्र रिकामे बसले असेल तर एका आवर्तनाला 1260 मिलिसेकंद लागतात. कामाचा बोजा वाढेल तशी धडधड वाढते आणि आवर्तन 300 च्या दिशेने सरकत जाते. (धावपळीत आपले होते तेच.) हा दिवा कोणत्याही तारेच्या भरवशावर नाही. कर्नेलने दर वेळी हात लावला तरच तो हलतो. कर्नेल गोठले की तोही थिजतो.

म्हणून आमच्या गल्लीत मोबाइल दुरुस्त करणाऱ्या मुलाने नवा चार्जर लावला आणि संगणकावरचा दुसरा, हिरवा दिवा हार्टबीटवर टाकला. मला समाधान वाटले. त्याला वाटले नाही. तो म्हणाला, “काका, हे कर्नेलचे हृदय झाले. वेळ दाखवणारा प्रोग्राम वेगळा. तो मेला आणि कर्नेल जगले, तर दिवा धडधडतच राहणार, आणि तुम्ही पुन्हा फसणार.” मुलगा बरोबर होता. लाल दिव्याची चूक आम्ही फक्त एक पायरी वर सरकवली होती.

त्याने मग ‘वनशॉट’ वापरला. हा ट्रिगर 2012 मध्ये फाबियो बाल्तिएरी यांनी लिहिला. प्रोग्रामने एकदा टोचले की दिवा एकदाच लुकलुकतो, आणि पुन्हा टोचेपर्यंत गप्प. पडद्यावरचा सेकंद बदलला की वेळेचा प्रोग्राम आता स्वतः दिव्याला टोचतो. कंदिलाची दोरी पुन्हा मुअज्जिनच्या हातात आली म्हणा ना. लाल दिव्यावर काळी पट्टी चिकटवली आहे.

मुअज्जिनचाचांना ‘हिरवा लुकलुकत नसेल तर खायचे नाही’ एवढेच सांगितले आहे. ते आता सहेरीआधी पडद्याखाली उकिडवे बसून दहा लुकलुक मोजतात, आणि मग मनगटावरचे घड्याळ काढून शेजारी ठेवतात.