कोल्हापूरचा हरवलेला समुद्र

कोल्हापूरला एके काळी समुद्र होता, असे सांगितले की ऐकणारा हसतो. आपली ओळख म्हणजे पंचगंगा, रंकाळा, तालमी, गूळ आणि तांबडा-पांढरा. मासळी आपल्याकडे येते ती घाट चढून, बर्फाच्या पेटीतून. पण अठराव्या शतकाचा बहुतेक काळ आणि पुढे १८१२ पर्यंत मालवणच्या बंदरावर निशाण होते ते करवीरच्या छत्रपतींचे. हा इतिहास वाचून माहीत होता. तो रस्त्याने जाऊन पाहावा, म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघे स्नेही मोटारीने निघालो.

वाट मुद्दाम गगनबावड्याची धरली. कळे मागे पडले, उसाचे मळे संपले आणि डोंगर जवळ आले. गगनबावडा म्हटले की आपल्याला पाऊस आणि गगनगड आठवतो. पण हे बावडेकर पंत अमात्यांचे ठाणे. या घराण्याचे मूळ पुरुष रामचंद्रपंत अमात्य. त्यांचे ‘आज्ञापत्र’ १७१५ च्या सुमाराचे, करवीरच्या संभाजीराजांसाठी लिहिलेले. त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. आरमार हे राज्याचे वेगळे अंग मानावे, असे पंत बजावतात. जहाजांसाठी लाकूड हवे, पण रयतेची आंब्याफणसाची झाडे तिच्या राजीखुशीशिवाय तोडू नयेत, हेही सांगतात. घाटमाथ्यावरच्या कारभाऱ्याला समुद्राची एवढी जाण का असावी, याचे उत्तर करूळ घाटाच्या वळणांवर मिळते. वर देश आणि खाली कोकण. दोन्ही सांभाळायचे तर घाट आणि बंदर ही दोन्ही दारे आपल्या हाती हवीत.

घाट उतरून वैभववाडी, तळेरे करीत आम्ही विजयदुर्गला पोचलो. हा किल्ला आंग्र्यांचा. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज आरमार आणि पेशव्यांचे सैन्य यांनी मिळून इथे तुळाजी आंग्र्यांचा पाडाव केला. आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. मराठ्यांनीच परक्यांच्या मदतीने मराठी आरमार बुडवावे, ही गोष्ट तटावर उभे राहून आठवली की बोलणे सुचत नाही. त्यानंतर या किनाऱ्यावर इंग्रजांच्या डोळ्यांत सलणारे मोठे बंदर राहिले ते मालवण.

विजयदुर्गहून देवगड, कुणकेश्वर, मिठबाव, आचरा अशी किनाऱ्याची वाट आहे. पूर्वी प्रत्येक खाडीला तरीची वाट पाहावी लागे. आता पूल झाले आहेत. माडाच्या बागा, वाळत घातलेली जाळी, पुळणीवर ओढून ठेवलेल्या होड्या आणि मधूनच मासळी सुकवण्याचा उग्र वास. देवगड तालुक्यातच साळशी नावाचे गाव आहे. १३ एप्रिल १७३१ रोजी सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांमध्ये वारणेचा तह झाला, तेव्हा या साळशीपासून दक्षिणेला अंकोल्यापर्यंतचे कोकण कोल्हापूरच्या वाट्याला आले. अर्थात कागदावर. प्रत्यक्षात या पट्ट्यात वाडीचे सावंत होते, गोव्याचे पोर्तुगीज होते. कोल्हापूरच्या हाती भक्कमपणे राहिले ते मालवण आणि त्यासमोरचे बेट.

त्या बेटाचे नाव कुरटे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी तिथे सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि १६६७ मध्ये काम पुरे झाले. बेट सुमारे ४८ एकरांचे. चौफेर खारे पाणी, पण आत दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. मालवणच्या धक्क्यावरून होडीने गेले तर किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आजूबाजूला पाण्याखाली खडक. वाट माहीत असलेला नावाडी नसेल तर शत्रूचे जहाज तिथेच फुटायचे. किल्ल्याचे खरे बळ तटात होते, तितकेच या वाटा जाणणाऱ्या गाबीत आणि कोळी मंडळींत होते.

इंग्रजांच्या कागदांत या दर्यावर्दींना ‘मालवणी चाचे’ म्हटले आहे. याविषयी थोडे सावकाश बोलले पाहिजे. आपल्या समुद्रातून जाणाऱ्या गलबताने आपला परवाना घ्यावा, नाहीतर ते धरावे, ही रीत पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकातच चालू केली होती. त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणत. हेच काम मालवणकरांनी केले की ती चाचेगिरी! मात्र सगळेच कायद्याने चालले होते असेही नाही. दरबारची पकड ढिली झाली, तेव्हा मालवणच्या गलबतांनी व्यापाऱ्यांची लूट केली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

१७६५ च्या आरंभी मुंबईकर इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचे नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवले. तेव्हा कोल्हापूरचा कारभार महाराणी जिजाबाई पन्हाळ्यावरून पाहत होत्या. संभाजीराजांच्या पश्चात, दत्तक पुत्र लहान असताना, भोवताली सगळे टपलेले असताना त्यांनी राज्य राखले होते. किल्ला सांभाळणे इंग्रजांना परवडेना. १७६६ मध्ये तह झाला आणि पावणेचार लाखांहून अधिक रुपये मोजून जिजाबाईंनी सिंधुदुर्ग परत मिळवला. एका छोट्या राज्याला हा आकडा किती जड गेला असेल, याची कल्पना करा. समुद्र गेला तर काय जाते, हे त्या बाईंना ठाऊक होते.

पुढची पिढी तितकी मोकळी नव्हती. एकीकडे पटवर्धन, दुसरीकडे निपाणीकर, पाठीशी पेशवे. राज्यच राहते की जाते, अशी वेळ आली. अखेर १ ऑक्टोबर १८१२ रोजी इंग्रजांशी तह झाला. त्यांनी संरक्षणाची हमी दिली. मोबदल्यात कोल्हापूरने मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग सोडला आणि यापुढे सशस्त्र जहाजे बाळगणार नाही, असे कबूल केले. जमीन वाचवण्यासाठी पाणी दिले, असा तो सौदा. त्याला नुसती दुबळाई म्हणून मोकळे होता येत नाही. त्याच तहामुळे कोल्हापूरची गादी टिकली आणि म्हणूनच पुढे आपल्याला राजर्षी शाहू लाभले.

पण त्या सौद्यात ज्यांचे सर्वस्व गेले, त्यांना कोणी विचारले नाही. गुराबांवरचे खलाशी, तांडेल, सुकाणू धरणारे गाबीत यांची पिढीजात चाकरी सुटली. त्यांना राहिले फक्त जाळे.

मालवणच्या उत्तरेला तळाशिलच्या पुळणीवर आम्ही रापण पाहिली. होडीने समुद्रात अर्धवर्तुळ जाळे टाकायचे आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायची. ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा. एका जाणत्या रापणकराने सांगितले की, पूर्वी सकाळच्या एका ओढीत घर चालायचे, आता कित्येकदा जाळे हलकेच येते. मोठ्या पर्ससीन नौकांविरुद्ध इथल्या पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर कडक निर्बंध घातले, तरी तंटा मिटलेला नाही. समुद्र कोणाचा आणि तो ठरवताना होडीवाल्याला विचारायचे की नाही, हा १८१२ चाच प्रश्न आहे.

सिंधुदुर्गावर शिवराजेश्वराचे मंदिर आहे. छत्रपती राजाराम महाराजांनी ते उभारले. त्यापुढचा सभामंडप विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राजर्षी शाहू महाराजांनी बांधला. बंदर जाऊन तेव्हा शंभराच्या आसपास वर्षे झाली होती, पण कोल्हापूरने नाते सोडले नव्हते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मराठ्यांचे बारा किल्ले निवडले. त्यांत आपला पन्हाळा आहे आणि सिंधुदुर्गही. एकाच गादीचे हे दोन किल्ले, एक सह्याद्रीच्या माथ्यावर आणि एक लाटांत, पुन्हा एका यादीत आले.

मालवणला आपण सगळेच जातो, मासे खातो, तारकर्लीला पाण्यात डुंबतो. पुढच्या खेपेला थोडा वेळ काढून धक्क्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्या तांडेलाजवळ बसा. आपल्या इतिहासाचे जे पान घाटाखाली राहिले, ते त्याच्याकडे आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)