इंजिन कुठं ठेवायचं?

आमच्या घरी गाडीचं ऑइल तपासायचं असेल तर आधी आज्जीला उठवावं लागायचं. प्रवासात पुढची डावी सीट तिची, आणि मारुती ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटांखाली. कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर पप्पा गाडी बाजूला घ्यायचे, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचे आणि म्हणायचे, "आई, उतर जरा, बघू दे." आज्जी कुरकुरत उतरायची. सीट मागं कलंडायची आणि ती बसायची त्याच जागेखालून गरम हवेचा आणि ऑइलचा वास वर यायचा. पप्पा डिपस्टिक काढून फडक्याला पुसायचे, परत घालायचे, परत काढून उजेडाकडं धरायचे. आज्जीची मात्र त्या इंजिनाबद्दल काहीच तक्रार नव्हती. तिचे गुडघे दुखायचे. "शेकायला वेगळं काय लागत न्हाई," असं ती पाहुण्यांना कौतुकानं सांगायची.

माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची, म्हणजे आपल्याकडं नेहमीचंच. पण डिग्रीच्या चार वर्षांत एक साधा प्रश्न मला कधी पडला नाही, की बाकीच्या गाड्यांचं इंजिन नाकात असतं, मग आमचंच आज्जीखाली का? तो पडला दवाखान्यात. त्याकडं येतोच.

व्हॅन म्हणजे चाकांवरचा खोका. घरातली सगळी माणसं, त्यांच्या पिशव्या आणि वर एखादं गाठोडं त्यात मावलं पाहिजे, आणि बाहेरून मात्र ती गल्लीत वळली पाहिजे. या खोक्यात न मावणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे इंजिन. त्यामुळं घरगुती व्हॅनचा सगळा इतिहास हा खरं तर इंजिन कुठं ढकलायचं याचा इतिहास आहे. प्रत्येकानं ते वेगळीकडं ढकललं आणि प्रत्येक वेळी त्याची किंमत गाडीतल्या कुणीतरी मोजली.

1930 च्या दशकात अमेरिकेत विल्यम स्टाउट या विमानं बनवणाऱ्या माणसानं 'स्कॅरब' नावाची गाडी काढली. इंजिन मागं, आत हलवता येणाऱ्या खुर्च्या आणि एक टेबल. दिवाणखानाच, फक्त चाकांवर. मोजक्याच बनल्या, कारण किंमत सामान्य माणसाच्या हातातली नव्हती. कल्पना खऱ्या अर्थानं रस्त्यावर आली ती युद्धानंतर. बेन पॉन हा डच व्यापारी फोक्सवॅगनच्या जर्मनीतल्या कारखान्यात गेला होता. तिथं कामगारांनी बीटल गाडीच्या सांगाड्यावर फळी टाकून सामान वाहायचा जुगाड केलेला त्यानं पाहिला. एप्रिल 1947 मध्ये त्यानं वहीत एक चौकोनी डबा काढला, ड्रायव्हर अगदी पुढं आणि इंजिन अगदी मागं. 1950 मध्ये तो डबा कारखान्यातून बाहेर पडू लागला. पुढं हिप्पी लोकांनी फुलं रंगवली ती हीच व्हॅन. 1956 मध्ये इटलीच्या फियाटनं '600 मल्टिप्ला'त साडेतीन मीटरच्या आसपास लांबीत सहा माणसं बसवली. तिथंही इंजिन मागं आणि ड्रायव्हर थेट पुढच्या चाकांवर.

सरकतं दारही याच वाटेनं आलं. 1967 मध्ये फोक्सवॅगनच्या व्हॅनची दुसरी पिढी आली तेव्हा बाजूचं सरकतं दार तिचा नेहमीचा भाग झालं. बिजागरीचं दार उघडायला बाजूला जागा लागते, सरकत्या दाराला लागत नाही. आमच्या गल्लीत ओम्नी चालली याचं निम्मं श्रेय त्या दाराला आहे.

मग 1983 साल. अमेरिकेची क्रायस्लर कंपनी काही वर्षांपूर्वीच बुडता बुडता वाचली होती. सरकारनं दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला हमी दिली म्हणून. तिथले हॅल स्परलिच आणि ली आयकोका हे दोघंही फोर्डमधून हाकलले गेलेले. छोट्या व्हॅनची कल्पना फोर्डमध्ये असतानाच मांडली गेली होती, पण तिथं ती कुणाला पटली नव्हती. क्रायस्लरमध्ये त्यांनी इंजिन परत नाकात आणलं, तेही आडवं, आणि ताकद पुढच्या चाकांना दिली. ही गोष्ट वाचायला साधी वाटते, पण सगळी गंमत इथंच आहे. मागच्या चाकांना ताकद द्यायची तर गाडीच्या पोटाखालून लांब शाफ्ट न्यावा लागतो आणि त्याच्यासाठी फरशी उचलावी लागते. शाफ्टच नाही म्हटल्यावर फरशी खाली आली, सपाट झाली. बायकांना साडीत काय किंवा स्कर्टमध्ये काय, सहज चढता आलं. गाडी अमेरिकी घराच्या गॅरेजमध्ये मावली. आणि ड्रायव्हरच्या पुढं इंजिन व पत्र्याचं नाक राहिलं. 2 नोव्हेंबर 1983 ला कॅनडातल्या विंडसरच्या कारखान्यातून पहिली मिनीव्हॅन बाहेर पडली.

त्यानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, 14 डिसेंबरला, इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती 800 ची किल्ली दिली गेली. आणि 1984 मध्ये त्याच गुडगावच्या कारखान्यातून 'मारुती व्हॅन' आली. ओम्नी हे नाव तिला 1988 मध्ये मिळालं. तोवर महाराष्ट्रात मोठं कुटुंब हलवायचं म्हणजे बजाज टेम्पोची मॅटाडोर भाड्यानं करायची, नाहीतर जीप. स्वतःच्या दारात उभी राहील अशी व्हॅन ही पहिलीच.

तिचं मूळ जपानी, सुझुकी कॅरी. जपानमध्ये 'केई' नावाचा छोट्या गाड्यांचा वर्ग आहे. कर कमी, पण अट कडक. त्या काळी लांबी 3.2 मीटरच्या आत आणि रुंदी 1.4 मीटरच्या आत. आता एवढ्याशा लांबीत 70 सेंटिमीटर नाकाला दिले तर माणसं कुठं बसणार? मागं इंजिन ठेवलं तर सामान चढवायची फरशी उंच होते. म्हणून इंजिन पुढच्या सीटांखाली सरकवलं आणि ड्रायव्हरचे पाय पुढच्या चाकांच्याही पुढं गेले. आमची ओम्नी 3.37 मीटर लांब आणि 1.41 मीटर रुंद होती. म्हणजे आज्जीचे गुडघे शेकले जात होते त्याचं कारण जपानच्या नियमांत होतं.

भारतात हा खोका टिकला तो मात्र वेगळ्या कारणानं. तिचं 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन मारुती 800 च्या घराण्यातलं. त्यामुळं ज्या गावात 800 दुरुस्त व्हायची तिथं ओम्नीही व्हायची. प्लग तीनच. टायमिंग बेल्ट कधी बदलायचा हे गॅरेजवाल्या मामांना तोंडपाठ. मागं पाटे, त्यामुळं वजन कितीही टाका. ती शाळेची व्हॅन झाली, ॲम्ब्युलन्स झाली, ब्रेडची गाडी झाली. हिंदी सिनेमातल्या गुंडांनाही सरकतं दार फार सोयीचं पडलं. आठ जणांच्या मॉडेलात मागच्या दोन बाकांवरची माणसं समोरासमोर बसायची. भांडणं आणि भेंड्या दोन्हींसाठी उत्तम.

आमची 2004 ची, पाच जणांची. तिची देखभाल हा पप्पांचा रविवार असायचा. दाराचे रोलर पन्हाळीसारख्या पट्ट्यांतून धावतात. त्यातल्या खालच्या पट्टीत चिखल, वाळू, शेंगांची टरफलं, एकदा तर माझा कंपासही सापडलेला. लोक काय करतात, दार अडायला लागलं की वरून भसाभसा ग्रीस थापतात. पप्पा म्हणायचे, ग्रीसला धूळ चिकटते आणि दोन महिन्यांत त्याची पॉलिश पेपरसारखी पेस्ट होते. आधी जुन्या टूथब्रशनं आणि रॉकेलच्या फडक्यानं पट्टी कोरडी लखलखीत करायची, मग रोलरला बोटभर ग्रीस, पट्टीला जवळपास नाहीच. आमचं दार वीस वर्षं एका बोटानं सरकायचं. उतारावर मात्र आम्हा पोरांना हात लावायची बंदी होती, कारण खुटी नीट अडकली नसेल तर तेच दार आपल्या वजनानं परत येतं. चुलतभावाच्या करंगळीवर त्याची खूण आहे.

चालवणंही शिकावं लागायचं. चाकं तुमच्या बुडाखाली असतात, त्यामुळं वळण आलं असं वाटतं तेव्हा वळायचं नाही, थोडं पुढं जाऊन मग वळायचं. पावसात रिकामी गाडी मागून घसरते, म्हणून ब्रेक हळू. हे सगळं पप्पांनी मला शिकवलं. एक गोष्ट सोडून.

2016 च्या हिवाळ्यात, उसाच्या हंगामात, पप्पा रात्री इस्लामपूरहून एकटे येत होते. पुढं उसानं भरलेली ट्रॉली, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. समोरच्या गाडीच्या उजेडात ती दिसली तेव्हा ब्रेक लावायला जेवढा वेळ होता तेवढ्यात वेग तीसपर्यंत आला असेल. बोनेट असलेल्या गाडीचं त्या वेगाला नाक गेलं असतं. आमची ओम्नी टो करून गॅरेजला आणल्यावर मामांनी किल्ली फिरवली आणि ती पहिल्या झटक्यात चालू झाली. इंजिन शाबूत होतं. पप्पांच्या उजव्या नडगीची दोन्ही हाडं मोडली होती.

दवाखान्याच्या बाकावर बसून मी मोबाईलवर गाड्यांच्या धडकेबद्दल वाचत होतो. त्याच वर्षी मे महिन्यात ग्लोबल एनकॅपनं ईकोची, म्हणजे ओम्नीच्या धाकट्या भावंडाची, चाचणी घेतली होती आणि शून्य तारे दिले होते. इतिहास मागून वाचत गेलो तर बरेच जण ती जागा सोडून केव्हाच निघून गेलेले. फोक्सवॅगननं 1990 मध्ये व्हॅनचं इंजिन नाकात नेलं. धडकेत माणसं वाचावीत म्हणून खुद्द जपाननं 1998 मध्ये त्या छोट्या गाड्यांना 3.4 मीटरपर्यंत लांबायची मुभा दिली. आपल्याकडं जुन्या मॉडेलांना धडकेच्या चाचणीची सक्ती ऑक्टोबर 2019 पासून आली. त्या नियमात बसणं शक्य नाही म्हणून 2019 मध्येच ओम्नी बंद झाली. पस्तीस वर्षं.

ही गाडी वाईट होती असं मी म्हणू शकत नाही. ती नसती तर आम्ही स्कूटरवर चौघं आणि आज्जी एसटीत, असंच फिरलो असतो, आणि ते जास्त सुरक्षित नव्हतं. पण तिच्यातली ऐसपैस जागा कुणाच्या पायांतून काढली होती, हे शोरूममध्ये कुणी सांगत नव्हतं, आणि इंजिनिअरिंगला ट्रेड-ऑफ शिकवताना आम्हालाही कुणी या बाजूनं सांगितलं नाही.

पत्रा ठोकून गाडी परत उभी राहिली आणि पप्पा परत ती चालवू लागले. 2024 ला नोंदणीचं नूतनीकरण आलं. दर पाच वर्षांनी तपासणी, फी 5000 रुपये आणि वर पर्यावरण कर. गाडी पास झाली असती. मीच अडून बसलो. दोन आठवडे घरात कुणी धड बोललं नाही. शेवटी मी विचारलं, "पुढं काहीच नाही हे तुम्हाला माहीत नव्हतं का?"

"माहीत नसायला काय झालं?" पप्पा म्हणाले. "तुम्ही सगळी मागं बसायचा की." मग थोडं थांबून म्हणाले, "आईला पुढं बसवत होतो, ते चुकलं."

गाडी मोडीत द्यायच्या आधी गॅरेजवाल्या मामांनी दाराचे रोलर काढून घेतले, एका शाळेच्या व्हॅनला बसवायला. पप्पांनी ते स्वतः रॉकेलनं पुसले आणि वर्तमानपत्रात गुंडाळून दिले.

आता दारात जुनी अर्टिगा आहे. पहिल्या दिवशी आज्जीनं हँडल धरून दार मागं ओढायचा बराच प्रयत्न केला. मग आत बसून सीट हातानं चाचपली.

"ह्येचं इंजिन कुठं हाय?"

"पुढं, आज्जी. बोनेटखाली."

"मग ही सीट गारच राहणार म्हण की," ती म्हणाली आणि पदर गुडघ्यांवर ओढून घेतला.