काळी शाई, पांढरी शाई
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमचे चारठाणा हे जिंतूर तालुक्यातले जुने गाव. यादवकाळातली देवळे, गोकुळेश्वराची बारव आणि एक उंच कोरीव दगडी स्तंभ पाहायला अभ्यासक मंडळी इकडे येतात. त्या कोरीवकामाची एक गंमत आम्हा पोरांना लहानपणीच कळली होती. भर दुपारी ते सपाट दिसते, कलत्या उन्हात उठून येते. दगडाला स्वतःचा उजेड नसतो, पडलेल्या उजेडावर तो वाचायचा.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याला नोकरी करणारा भाचा आला. त्याच्याकडे पाटीपेक्षा लहान असे वाचनयंत्र होते. म्हणाला, "मामू, आत नका बसू, उन्हात चला." उन्हात मोबाइलचा पडदा आंधळा होतो, हा आपला रोजचा अनुभव. बारवेच्या पायरीवर या पडद्यावरची अक्षरे मात्र अधिकच स्वच्छ दिसू लागली. मला तो स्तंभ आठवला.

कागदाशी मराठवाड्याचे नाते जुने आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या हातकागद तयार होत आला. महंमद तुघलकाने 1327च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा हे कारागीर इकडे आले असे सांगतात. चिंध्या कुटायच्या, लगदा करायचा, चौकटीवर पत्रा धरायचा, वाळल्यावर घोटून गुळगुळीत करायचा. पेशवाईच्या दप्तरांतही दौलताबादी कागद होता. कागद, दौत, कलम, शाई, दप्तर हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आले आणि अस्सल मराठी झाले. त्यातली शाई म्हणजे मूळ 'सियाही', अर्थात काळेपणा. भाच्याच्या यंत्रातली शाई मात्र काळी तशी पांढरीही आहे.

या शाईची सुरुवात अमेरिकेत झाली. 1970च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात निक शेरिडन काम करत होते. तिथल्या संगणकाचा पडदा इतका मंद होता, की त्यांनी कागदासारख्या पडद्याचा विचार सुरू केला. अर्धे काळे, अर्धे पांढरे असे बारीक मणी विजेने फिरवायची त्यांची युक्ती. कंपनीने ते काम बाजूला ठेवायला लावले. छपाईयंत्रांवर मोठी झालेली कंपनी कागद नको करणाऱ्या पडद्यावर पैसा का लावील!

पुढे 1990च्या दशकात एमआयटीमध्ये जोसेफ जेकबसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वेगळी वाट काढली आणि 1997 मध्ये ई इंक ही कंपनी निघाली. त्यांच्या पडद्यात केसाच्या जाडीइतक्या लाखो कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव आणि त्यात दोन तऱ्हेचे कण. पांढरे कण टायटॅनियम डायऑक्साइडचे, म्हणजे आपल्या भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो त्याचेच. त्यांवर एक विद्युतभार, काळ्यांवर त्याच्या उलट. खालून वीज दिली की एक तऱ्हा वर येते, दुसरी तळाशी जाते. वीज काढून घेतली तरी कण जागा सोडत नाहीत. म्हणून वीज खर्च होते ती मुख्यतः पान उलटताना, आणि एकदा चार्ज केलेले यंत्र काही आठवडे चालते. भारनियमनात कंदिलाची काच पुसत बसलेल्या आमच्या पिढीला याची किंमत वेगळी सांगायला नको. पण अंधारात हा पडदाही कागदासारखाच मुका. कडेने दिवे लावलेली यंत्रे 2012 पासून चांगलीच रुळली. पान बदलायला तो वेळ घेतो, त्यामुळे सिनेमा बघायला निरुपयोगी. वाचणाऱ्याला तेही बरेच!

सोनीचे लिब्रिए 2004 मध्ये जपानात आले, ॲमेझॉनचे किंडल 2007 मध्ये. मराठी पुस्तकांचे दालन किंडलवर 2016च्या डिसेंबरात रीतसर उघडले. मला मोठा फायदा वाटतो तो अक्षरे वाढवण्याचा. अब्बा म्हातारपणी वर्तमानपत्राचे फक्त मथळे वाचत, खालचा मजकूर मी वाचून दाखवी. अशा माणसाला पुस्तकातला प्रत्येक शब्द मथळ्याएवढा करून मिळतो.

कवीची मात्र पंचाईत होते. अक्षर मोठे केले की ओळ मध्येच तुटते, आणि कवितेत ओळ कुठे थांबते यालाच तर अर्थ असतो. दुसरी अडचण आपल्या लिपीची. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, पण आपली बरीच पुस्तके जुन्या फाँटमध्ये जुळवलेली. ती नव्यात उतरवताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी भलतीकडे लागते. माझ्या पहिल्या संग्रहाच्या घरात दोनच प्रती उरल्यात, त्यातली एक वाळवीने खाल्लेली. संगणकावरची जुनी फाइल भाच्याने उतरवून दिली आहे. आता तो रविवारी फोनवर छापील ओळी विचारतो, मी सांगतो, तो रफार जागेवर बसवतो. चाळीस कविता झाल्या, एकवीस राहिल्यात.