मागे उभा राहिलेला माणूस

परवा नातू म्हणाला, "आजोबा, तुम्हाला तबला आवडतो ना? मग हे ऐका." आणि त्याने संगणकावर एक जुनी कृष्णधवल चित्रफीत लावली. चौघे वादक. जाड चष्मा लावलेले एक गृहस्थ पियानोवर, दुसरे सॅक्सोफोनवर, तिसरे ड्रमवर. चौथा मागे उभा राहून माणसाएवढं उंच डबल बास नावाचं तंतुवाद्य बोटांनी छेडत होता. डेव्ह ब्रुबेक आणि त्यांचे साथीदार, १९६४ सालचा बेल्जियममधला कार्यक्रम.

जॅझ आमच्या वाटेला कधी आलंच नाही. आमची धाव भजन आणि नाट्यसंगीतापर्यंत! पण 'टेक फाइव्ह' सुरू झालं आणि बोटं आपोआप मात्रा मोजू लागली. पाच! आपल्या झपतालात दोन-तीन, दोन-तीन असं चालतं, इथे तीन-दोन. ही रचना सॅक्सोफोनवाल्या पॉल डेझमंड यांची, १९५९ च्या 'टाइम आउट' या ध्वनिमुद्रिकेतली.

मग काय, मास्तरकीची खोड! शोधत बसलो. ब्रुबेक १९२० चे, कॅलिफोर्नियातले. वडील गुरं पाळणारे, आई पियानो शिकवणारी. १९५८ साली अमेरिकन सरकारने या चौघांना पोलंड, तुर्कस्तान, भारत अशा दौऱ्यावर पाठवलं. ते मुंबईतही आले आणि सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर ब्रुबेक वाजवायला बसले. इस्तंबूलच्या रस्त्यावर ऐकलेल्या नऊ मात्रांच्या ठेक्यातून पुढे त्यांची दुसरी प्रसिद्ध रचना झाली.

पण माझं लक्ष गुंतलं ते मागच्या माणसात. युजीन राइट त्यांचं नाव. चौघांत तेवढेच कृष्णवर्णीय. दौऱ्याच्या थोडंच आधी, फेब्रुवारी १९५८ मध्ये, नॉर्थ कॅरोलायनातल्या ईस्ट कॅरोलायना कॉलेजात त्यांचा कार्यक्रम होता. राइट असतील तर वाजवता येणार नाही, असं सांगण्यात आलं. ब्रुबेक हटेनात. म्हणाले, लवकरच आम्ही देशाचे प्रतिनिधी म्हणून परदेशी निघालोय आणि इथे ही तऱ्हा? तिकडे विद्यार्थी पाय आपटून आरडाओरडा करू लागले. शेवटी परवानगी मिळाली, पण एका अटीवर : बासवाल्याला मागे ठेवा, ठळक दिसता कामा नये.

ब्रुबेक पुढे सांगत, की त्यांनी 'हो' म्हटलं. कार्यक्रम सुरू झाल्यावर मात्र राइटना म्हणाले, तुमचा माइक बिघडलाय, पुढे येऊन माझ्या माइकवर वाजवा. राइट पुढे आले, एकटे वाजवले आणि सभागृह डोक्यावर घेतलं गेलं!

१९६० साली दक्षिणेतल्या कॉलेजांचा एक दौरा ठरला होता. राइटऐवजी गोरा वादक आणा, असा आग्रह झाला. ब्रुबेकनी नकार दिला आणि बहुतेक कार्यक्रम रद्द झाले. नुकसान सोसलं, माणूस बदलला नाही.

हे वाचलं आणि मला आमच्या शाळेचं एक स्नेहसंमेलन आठवलं. सातवीतला एक मुलगा तबला फार सुरेख वाजवायचा. अंगात विटका, ठिगळ लावलेला सदरा. पाहुणे यायच्या आधी मला वरून सांगण्यात आलं, "गुरुजी, त्याला पडद्याआड बसवा. आवाज आला म्हणजे झालं." मी बसवला. टाळ्या पुढच्यांना मिळाल्या. तो तबला गुंडाळून माझ्याकडे न बघता निघून गेला. माझ्या खुंटीला तेव्हा दोन धुतलेले शर्ट होते. एक त्याला द्यायचं सुचलं नाही... खरं तर 'नाही' म्हणायचंच धैर्य झालं नाही.

ब्रुबेक २०१२ साली गेले, ब्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. राइट सर्वांत शेवटी, २०२० मध्ये, सत्त्याण्णव वर्षांचे होऊन.

नातवाने विचारलं, "कोण आवडलं, आजोबा? पियानोवाले?" म्हटलं, "हो. पण तू तो मागचा ऐक. त्याचा ठेका सुटला, तर बाकीच्यांनी उभं राहायचं कशावर?"