लिपस्टिकचा रंग आणि फळमाशी

हापूसचा हंगाम आला की बागेबागेत फळमाशीचे सापळे टांगले जातात. त्यावरून एक जुनी गोष्ट सांगतो. अमेरिकेतली आहे, पण आपल्या बागेपर्यंत येते.

1981 चा उन्हाळा. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा खोऱ्यात भूमध्य फळमाशी पसरली होती. घरादारांवर हेलिकॉप्टरनं मॅलॅथिऑन फवारायला गव्हर्नर जेरी ब्राऊन तयार नव्हते. केंद्रानं राज्याची फळं अडवायची धमकी दिली, तेव्हा नमले. लोकांची भीती घालवायला बी. टी. कॉलिन्स या अधिकाऱ्यानं पातळ केलेलं मॅलॅथिऑन चक्क पिऊन दाखवलं! (कुणी करून बघू नका.) तरी 1989-90 मध्ये लॉस एंजेलिसवर फवारणी झाली तेव्हा पुन्हा तोच गदारोळ.

मग विषाला पर्याय म्हणून 1990 च्या दशकात अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी फ्लॉक्सिन बी हाती घेतला. लिपस्टिकमध्ये वापरतात तो लाल रंग. तत्त्व जुनंच. काही रंग अंधारात निरुपद्रवी असतात आणि उजेडात सूक्ष्मजीव मारतात, हे म्युनिकच्या ऑस्कर राबनं 1900 सालीच मांडलं होतं. प्रथिनांच्या आमिषात रंग कालवायचा. माशी तो खाते, उन्हात बसते. ऊन तिच्या पातळ अंगातून आत जातं, रंग ते शोषतो, शरीरातला ऑक्सिजन जहाल बनवतो आणि आतडं जळतं. हवाईत आणि ग्वाटेमालाच्या कॉफीमळ्यांत चाचण्या झाल्या.

पुढे मातीतल्या जिवाणूपासून मिळणारं स्पिनोसॅड आलं. त्याला उन्हाची अट नाही. रंग मागे पडला. पण टेक्ससमध्ये रंगासाठी बनवलेलं आमिष टिकलं, त्यातच स्पिनोसॅड घालून नवं औषध निघालं.

माझ्या मते खरी गोष्ट त्या आमिषाचीच. आपला मिथाईल युजेनॉलचा सापळा फक्त नर पकडतो. (तो गंधही शोधला बिहारमधल्या पुसा इथं, हाउलेट साहेबानं, शंभरेक वर्षांपूर्वी.) फळात अंडी घालते मादी, आणि अंडी पिकवायला तिला प्रथिनं लागतात. माल अडला तर काय होतं ते आपण 1 मे 2014 ला पाहिलंय. आंब्यात फळमाशी सापडली म्हणून युरोपनं दारं लावली, ती 2015 च्या जानेवारीत उघडली.

सापळ्यातले मेलेले नर बघून खूश होणारे बागायतदार दरवर्षी भेटतात. प्रथिनांचं आमिष किती जण वापरतात, जरा आपापल्या वाडीत विचारा.